बांधावरच्या आठ चिंध्या

लग्नात किंवा बारशाला कुणी माझी ओळख करून दिली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग तांबडी वायर कापायची की निळी?" मी पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात आहे. आधी नांदेड जिल्ह्यात होते, आता लातूरला. इतक्या वर्षांत घामाघूम होऊन वायर कापणारा माणूस मी एकदाही पाहिलेला नाही. आमचे काम म्हणजे दोरी बांधणे, लोकांना मागे सारणे, ते पुढे आले की पुन्हा मागे सारणे, कुत्रीला पाणी पाजणे आणि प्रश्न विचारणे. रस्त्यावर सापडलेली वस्तू पुष्कळदा विसरलेला डबा निघते, नाहीतर तिठ्यावर ठेवलेला उतारा. एक लिंबू आणि एक काळी बाहुली यांच्याभोवती मी तीनदा तरी दोरी बांधली असेल. दोरी बांधल्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही.

पथकात माझ्याकडे याद्यांचे काम आहे. वस्तूजवळ जाणारा माणूस वेगळा असतो, त्याचे प्रशिक्षण वेगळे. कोण आत गेले, किती वाजता, काय घेऊन, बाहेर कधी आले, दोरी कुठून कुठे, रुग्णवाहिकेचे तोंड कुणीकडे, हे माझ्या वहीत. सहकारी मला यादीबाई म्हणतात. घरी फ्रिजवरही यादी असते. तिच्या शेवटी माझा नवरा गुपचूप "नवऱ्याशी बोलणे" असे लिहून ठेवतो. मी बोलते आणि त्यावर काट मारते.

ही सवय वडिलांकडून आली. ते लातूरला एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. इंजिन खोलले की एकेक नट क्रमाने वर्तमानपत्रावर मांडायचे. जोडून झाल्यावर कागदावर एक जरी नट उरला तर सगळे पुन्हा खोलायचे. रविवारी विहारात वंदना झाली की बाकीचे गप्पा मारत बसत आणि हे सतरंज्यांच्या घड्या मोजत. एखादी कमी भरली तर ती सापडेपर्यंत घरी येत नसत. आई वैतागायची. "सतरंजीला काय पाय फुटून राहिलेत का?"

"न्हाई फुटत," वडील म्हणायचे. "म्हणूनच ती इथंच कुठंतरी हाय."

त्यांचे हे वाक्य मी पोलिसात भरती झाल्यावर जास्त वापरले.

पथकात नवीन होते तेव्हा काही काळ किनवट भागात होते. तिकडे मोठा माणूस रस्त्याने जायचा असला की आदल्या दिवशी आम्ही चालत तो रस्ता पाहायचो. जंगलातला रस्ता, दोन्ही बाजूंनी साग, आणि पाणी जायला रस्त्याखाली मोऱ्या. रस्त्यात काही पेरलेले असले तर मोरीत असण्याची शक्यता जास्त. म्हणून प्रत्येक मोरीत वाकून, टॉर्च मारून पाहायचे. साप दिसायचे, बिडीची थोटके दिसायची, एकदा वसतिगृहाच्या पोरींनी लपवलेल्या चिंचा दिसल्या. एका संध्याकाळी तिथल्या साहेबांनी विचारले, "सगळ्या पाहिल्या?" मी म्हणाले, "बहुतेक." त्यांनी गाडी वळवायला लावली. सगळे पथक पुन्हा पहिल्या मोरीपासून. कुणी मला शिवी दिली नाही, पण परतीच्या वाटेत कुणी पाणीही विचारले नाही. त्या दिवसापासून "बहुतेक" हा शब्द माझ्या वहीतून गेला.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती जळकोटकडची. दसरा होऊन आठवडा झाला होता. सकाळी फोन आला की जळकोटजवळ एका खेड्याच्या रस्त्यावर, वाळत घातलेल्या सोयाबीनमध्ये "बॉम्बसारखं कायतरी" सापडले आहे. आम्ही लातूरहून निघालो. आमचे साहेब म्हणजे पथकाचे फौजदार, वस्तूजवळ जातात ते हेच. त्यांच्याशिवाय आमची लॅब्राडोर कुत्री, तिला सांभाळणारा हवालदार आणि मी. मागे रुग्णवाहिका. कुत्री गाडीत झोपून राहते. हवालदार म्हणतो, पथकात एवढी एकच शहाणी आहे.

पोहोचलो तेव्हा रस्ता मला आधी समजला नाही. अर्धी सडक मोकळी होती आणि अर्ध्या सडकेवर लांबच लांब सोयाबीन पसरले होते, शेंगांसकट कापलेले. कडेने दगड आणि बाभळीच्या फांद्या लावल्या होत्या, म्हणजे गाड्यांनी वळसा घालून जावे. आमच्याकडे ही नेहमीची रीत आहे. रान ओले असले की पीक डांबरी सडकेवर आणून वाळवतात. त्या वर्षी परतीच्या पावसाने रानात चिखल होता. मळणीयंत्र दुपारी दोनला येणार होते. आणि उदगीरच्या बाजूने आभाळ भरून येत होते.

सोयाबीन ज्यांचे होते त्या साठीच्या बाई दोरीच्या आत, हातात सोयाबीन पालथे घालायचे दाताळे घेऊन उभ्या होत्या. गावच्या पोलीस पाटलांनी दोरी बांधली होती खरी, पण या बाईंना बाहेर काढायची त्यांची छाती झाली नव्हती.

"मावशी, बाहेर या," मी म्हणाले.

"कामून? माल माझा हाय."

"माल तुमचाच आहे. पण तुम्ही आत असला तर आमचे साहेब आत जात नाहीत. मग बसा दोघंही पाऊस येईपर्यंत."

त्यांनी एकदा आभाळाकडे पाहिले आणि बाहेर आल्या. येताना दाताळेही घेऊन आल्या, दुसऱ्याचे असावे तसे सांभाळून.

मी वही काढली. वस्तू कुणी पाहिली? त्यांनीच. केव्हा? सकाळी सोयाबीन पालथे घालताना. कशी आहे? "लाडवाएवढी. कणकेचा गोळा, वरून दोरा गुंडाळलेला, झाडाच्या काडीला बांधलेला." हात लावला?

"लावला की. कुणी तुडवंल म्हणून उचलून ठेवला."

"कुठं?"

त्यांनी बोट दाखवले. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचा दगड होता. दगडावर उपडे घमेले. घमेल्यावर, वाऱ्याने उडू नये म्हणून, एक चांगला मोठा धोंडा.

मी साहेबांकडे पाहिले. साहेब शांत माणूस आहेत, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. मावशींनी एक जिवंत स्फोटक हाताने काडीवरून तोडले, पदरात घेऊन तीस पावले चालल्या, दगडावर ठेवले, वर लोखंड झाकले आणि त्यावर धोंडा ठेवला. हे सगळे गावातल्या लोकांच्या काळजीपोटी. मी वहीत लिहिले: हलवली आहे. खाली दोन रेघा मारल्या.

साहेब जाड अंगरखा घालून गेले, बराच वेळ घमेल्याभोवती होते आणि परत आले. "डुकराचा गोळा आहे," ते म्हणाले. रानडुकरे पिकात शिरतात, म्हणून काही लोक स्फोटक भरलेले असे गोळे उभ्या पिकाच्या काड्यांना बांधतात. पीक कापले की काडीबरोबर गोळाही येतो. डुक्कर चावले की फुटतो. डुकराला कळत नाही, तसे गाईला कळत नाही, कुत्र्याला कळत नाही आणि मळणीयंत्रालाही कळत नाही. हे बेकायदेशीर आहे आणि लपून चालते. किनवटच्या जंगलाकडे मी हे पाहिले होते, इकडे पहिल्यांदाच.

"एकटा नसतो हा," साहेब म्हणाले. "यादीबाई, किती आहेत ते काढा."

प्रश्न एवढाच होता. किती? आकडा कळला तर तेवढे शोधायचे, काढायचे आणि रस्ता मोकळा करायचा. आकडा नसेल तर सडकेवरची एकेक काडी हाताने उचलून पाहावी लागणार. त्याला दुसरा दिवस उजाडला असता आणि पाऊस काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. भिजलेल्या शेंगांना दोन दिवसांत मोड येतात. मावशींनी ते मला एका वाक्यात सांगितले.

"माझं अख्खं वरीस त्या अर्ध्या सडकेवर पडलंय, बाई. आता तुमीच बगा."

कुत्री आत गेली. तिचे काम पाहत राहावे असे असते. नाक जमिनीला, शेपटी आडवी, आणि वास लागला की ती नुसती खाली बसते. भुंकत नाही, उकरत नाही. पण सोयाबीनची धूळ वाईट. ती सारखी शिंकत होती. पहिल्या फेरीत ती दोनदा बसली. साहेब दोन्ही वेळा आत गेले, काडी बाजूला केली, गोळा सोडवला आणि आमच्या वाळूच्या पेटीत आणून ठेवला. एकेका गोळ्याला अर्धा अर्धा तास. मग हवालदाराने कुत्रीला बाहेर आणून सावलीत बसवले. नियम तसा आहे. थकलेले नाक चूक करते.

"आता काय झालं?" मावशींनी विचारले.

"विश्रांती. वीस मिनिटं."

"कुत्रीला सुट्टी हाय. मला न्हाई."

"तुम्हालाही देते. बसा इथं," मी म्हणाले आणि गाडीतली घडीची खुर्ची त्यांना दिली. त्या बसल्या नाहीत. खुर्चीवर दाताळे ठेवले आणि स्वतः उकिडव्या बसल्या.

एव्हाना एसटी येऊन थांबली होती. तिच्यातले निम्मे लोक उतरून फोन वर धरून चित्रीकरण करीत होते. कंडक्टर येऊन म्हणाला, "ताई, अर्धी सडक मोकळी हाय की. हळूच काढून घेतो गाडी."

"गोळ्याला ठाऊक आहे का अर्धी कोणती ते?"

तो हसला आणि गाडीत जाऊन झोपला. माझ्या अनुभवात अशा वेळी झोपणारा माणूस सगळ्यात उपयोगाचा. बाकीच्यांना मी तीनदा मागे सारले.

वीस मिनिटे होती. मी मावशींशेजारी बसले आणि वही मिटली. वही उघडी असली की माणसे ठराविक उत्तरे देतात. शेत किती, कोण कोण कसते, कापणी कुणी केली, असे इकडचे तिकडचे विचारले. मालक पाच वर्षांपूर्वी गेले. मुलगी देगलूरला दिलेली. शेजारचे रान दिराचे. दीर लहान होता तेव्हा सासू वारली, म्हणून त्याला यांनीच वाढवला.

"तो मदत करतो का?"

"कधी न्हाई करत. पण दोन दिस झाले लई मायाळू झालाय. म्हणतो, वैनी तुमी बसा, मी घालतो पालथं. सकाळ-संध्याकाळ इथंच फिरून राहिलाय. मी म्हणलं, पोरगं सुधारलं बाई एकदाचं."

मी मावशींच्या तोंडाकडे पाहिले. त्यांना स्वतःच्या बोलण्यात काही वावगे वाटले नव्हते. मी गर्दीकडे पाहिले. सगळे लोक कुत्रीकडे बघत होते. एकच माणूस, चाळिशीचा, पांढरी टोपी, सडकेच्या पलीकडच्या टोकाकडे बघत होता. कुत्री तिकडे अजून गेलीच नव्हती.

"मावशी, कापणीच्या आधी शेतात काही नवं दिसलं? बांधावर? कुणी काही बांधलेलं, ठेवलेलं?"

"काय दिसायचं? साड्या हायत चारी बाजूनं, डुकरासाठी."

आमच्याकडे शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. त्या फडफडल्या की डुक्कर बिचकते असे म्हणतात. रंगीत कुंपण दिसते आणि एसटीतून जाताना छान वाटते.

"आणि चिंध्या व्हत्या," त्या म्हणाल्या. "तांबड्या. बांधाला, झुडपाला, एकेक बांधलेली. कुणी बांधल्या देव जाणे. कापायला लागायच्या आधी मी बांध साफ केला, तवा सगळ्या सोडून घेतल्या. पोत्याची तोंडं बांधायला व्हतील म्हणलं."

माझ्या अंगावर शहारा आला, भीतीचा नाही, नट सापडल्याचा. ज्याने गोळे लावले त्याला सकाळी ते काढूनही घ्यावे लागतात, नाहीतर स्वतःचीच गाय जायची. मग त्याला खूण लागते. एका गोळ्याला एक चिंधी. त्याचीही यादीच होती. फक्त ती कागदावर नव्हती, आणि मावशींनी ती गोळा करून घरच्या कामाला ठेवली होती.

"त्या चिंध्या आहेत कुठं?"

"हित्तंच. पोत्याच्या गठ्ठ्यात."

पोत्यांचा गठ्ठा आणि ताडपत्री दोरीच्या बाहेर, लिंबाखाली होती. आम्ही दोघी गेलो. मावशींनी गठ्ठा सोडला, चिंध्यांचा बोळा काढला, एक हातात धरून पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. चिंधीच्या खाली बारीक झालर होती.

"ह्यो तर माझ्या जावंचा परकर," त्या म्हणाल्या. मग उठल्या, कमरेवर हात ठेवला आणि गर्दीकडे तोंड केले. त्या आता काय करणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी त्यांचा दंड धरला.

"मावशी, ओरडू नका."

"कामून? भर गावात त्याची..."

"भर गावात ओरडलं की माणूस आकडा कमी सांगतो. मला खरा आकडा पाहिजे. शिव्या नंतर द्या. मी मोजून घेते."

त्या थांबल्या. नाकातून जोरात श्वास सोडला. "बरं. पर शिव्या लई हायत."

मी साहेबांना सांगितले. मग हवालदाराने त्या टोपीवाल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून, चहाला नेतात तसे, त्याला रुग्णवाहिकेच्या मागे आणले. तिथे हा दीर, त्याच्या वैनी म्हणजे आमच्या मावशी, साहेब आणि मी, एवढेच. त्याने चिंध्या पाहिल्या आणि तो पायरीवर बसला.

वैनींनी आवाज न चढवता सुरुवात केली. मला वाटते त्यालाच तो जास्त घाबरला.

"तुला मी ह्या हातानं दूध-भाकरी चारली. आज सकाळी त्याच हातात तुझा गोळा धरला व्हता मी."

"वैनी..."

"आणि म्हणतो, तुमी बसा, मी पालथं घालतो."

"शोधून राहिलो व्हतो," तो म्हणाला. त्याला रडू येत होते. "डुकरं तुमच्या रानातून माझ्या रानात शिरत्यात म्हणून लावले, आणि त्याच राती बायकूला ताप भरला. लातूरला दवाखान्यात घेऊन गेलो. तिसऱ्या दिशी आलो तर चिंध्या न्हाईत, पीक न्हाई, सगळं सडकंवर. कुणाला सांगू? सांगितलं तर केस व्हती. म्हणलं, आपणच हळूहळू काढू."

"काढले किती?" मी विचारले.

"एक बी न्हाई सापडला, ताई."

"मग लावले किती?"

साहेब म्हणाले, "केस तर होणार. ते मी तुला खोटं सांगत नाही. पण आकडा चुकला आणि मळणीयंत्रात काही झालं, तर तिथे उभा कोण असणार आहे?"

त्याने वैनींकडे पाहिले. दरवर्षी यंत्राच्या तोंडाशी पेंढ्या सारायला त्याच उभ्या असत.

"सात," तो म्हणाला. "सातच."

"बहुतेक सात, की सात?"

"सात. आईची आण."

"तुझी आई मीच हाय," वैनी म्हणाल्या. "नीट सांग."

"सातच, वैनी."

मी चिंध्या पायरीवर ओळीने मांडल्या. एक, दोन, तीन. आठ झाल्या.

मी पुन्हा मोजल्या. आठ. तो म्हणत होता सात, चिंध्या म्हणत होत्या आठ, आणि लांबवर ढग गडगडला. अशा वेळी खूप मोह होतो. सातवर आणखी एक धरू, किंवा आठातून एक सोडून देऊ. वडील असते तर कागद पुन्हा पसरला असता. मी प्रत्येक चिंधी उलटी केली. सात चिंध्यांना खाली झालर होती. आठवी तशीच तांबडी, पण झालर नाही, जरीचा फिका काठ.

"ही कुणाची?"

मावशी पुढे वाकल्या. "ही? ही माझीच की. माझ्या जुन्या लुगड्याची. पाईपाच्या जोडावर बांधली व्हती, पाणी गळतंय तिथं. सगळं सोडलं त्यात ही बी सुटली."

"नक्की?"

"माझं लुगडं मी वळखत न्हाई व्हय?"

सात आणि सात. दोन माणसांचे दोन आकडे, एकमेकांना न विचारता आलेले, जुळले. मी वहीत लिहिले आणि त्याला म्हणाले, "आता प्रत्येक कुठं लावला ते सांग. घाई करू नको." त्याने बोटाने मातीत शेत काढले. दोन विहिरीकडच्या बांधाला, एक मधल्या धुऱ्याच्या बांधाला, तीन नाल्याच्या कडेला. आणि एक कोपऱ्यात, बोरीजवळ.

"बोरीजवळचं अजून कापलंच न्हाई," मावशी म्हणाल्या. "तिथं लई वल व्हती. उभंच हाय."

म्हणजे सडकेवर सहाच. घमेल्याखालचा एक आणि पेटीतले दोन, हे तीन मिळालेच होते. मावशींना हेही आठवत होते की नाल्याकडचा माल सगळ्यात शेवटी आणला आणि पलीकडच्या टोकाला पसरला. तिथेच दीर सकाळपासून डोळा लावून होता.

कुत्रीची वीस मिनिटे कधीच संपली होती. तिला तडक पलीकडच्या टोकाला नेले. दहा पावलांत ती बसली. मग पुन्हा बसली. मग तिसऱ्यांदा. हवालदार तिला हळूच म्हणाला, "शाब्बास गं माझी बाई." साहेब तीनदा आत गेले. मी तीनदा वेळ लिहिली. मोहाचा दुसरा क्षण इथे येतो, सगळे मिळाले असे वाटते तेव्हा. पण साहेबांनी कुत्रीला पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत पुन्हा एकदा फिरवले. मावशी आभाळाकडे पाहत होत्या. कुत्री कुठेच बसली नाही. मग आम्ही शेतात गेलो आणि बोरीजवळच्या उभ्या सोयाबीनमध्ये, वीतभर उंचीवर, सातवा गोळा मिळाला. त्याची चिंधी नव्हती. ती माझ्या वहीत होती.

साहेबांनी हात वर केला तेव्हा वारा सुटला होता.

त्यानंतरची दहा मिनिटे कोणत्याही यादीत बसणार नाहीत. दोरी सुटली आणि गर्दी, जी मी सकाळपासून मागे सारत होते, ती सगळी पुढे आली. एसटीतले लोक, पोलीस पाटील, फोनवाले. कंडक्टर उठून आला आणि चप्पल काढून कामाला लागला. मिळेल त्याने मिळेल तसे सोयाबीन ओढून ढीग केला. दिराला गाडीत बसवायचे होते. साहेबांनी घड्याळात पाहिले आणि म्हणाले, "ताडपत्री ओढून होईपर्यंत राहू दे." हवालदाराने त्याच्या शेजारी उभे राहून ताडपत्रीचे दुसरे टोक धरले. तीन कोपऱ्यांवर दगड ठेवले. चौथा कोपरा वाऱ्याने उडत होता.

"दोरी आना कुणीतरी!" मावशी ओरडल्या. मग माझ्याकडे वळल्या. "माझ्या चिंध्या कुठायत?"

"सात मुद्देमालात जातात, मावशी. पावती देते."

"आठवी?"

आठवी कुठल्याच गोळ्याची नव्हती. मी वहीतून काढून दिली. मावशींनी ती ताडपत्रीच्या कडीत ओवली, बाभळीच्या बुंध्याला दोन गाठी मारल्या आणि ओढून पाहिली. पहिले टपोरे थेंब पडले तेव्हा आम्ही सगळे एसटीत शिरलो होतो. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. मावशी खिडकीशी बसून एकटक ढिगाकडे पाहत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "कोरडं हाय."

पावसानंतर एका पडीक खाणीत साहेबांनी सातही गोळे निकामी केले. सात वेळा आवाज झाला. मी मोजले. दिरावर गुन्हा दाखल झाला, ते झालेच पाहिजे. गाडीत बसताना वैनींनी त्याला एका फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि ठरलेल्या शिव्याही दिल्या. मी म्हटल्याप्रमाणे मोजायला गेले, पण लवकरच हात टेकले. त्याने सगळ्या ऐकून घेतल्या आणि खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

मळणी पाच दिवसांनी झाली असे पोलीस पाटलांनी फोनवर सांगितले. यंत्राच्या तोंडाशी मावशीच उभ्या होत्या. शेंगा कोरड्या निघाल्या. मी वहीत पाहिले, त्या दिवशीच्या पानावर खाली एक ओळ राहिली होती, माल सुरक्षित परत दिला. तिच्यापुढे बरोबरची खूण केली.

पथकाच्या प्रश्नांच्या यादीत तेव्हापासून मी एक नवा प्रश्न घातला आहे: गेल्या पंधरा दिवसांत तुम्ही काय साफ केले? नवीन आलेल्या फौजदारांना तो विचित्र वाटतो. मी तो आता घरीही विचारते. परवा नवऱ्याने फ्रिजवरची यादी साफ करून टाकली होती, शेवटच्या ओळीसकट. ती ओळ मी माझ्या हाताने पुन्हा लिहिली: नवऱ्याशी बोलणे.